नॉमिनी आजी, वारस आम्ही

माणूस गेला की त्याच्या पैशांचे दोन प्रश्न उभे राहतात. पैसे कोणाच्या हातात द्यायचे, हा एक. आणि ते कोणाचे, हा दुसरा. खिडकीपलीकडे बसलेल्याला पहिल्याचे उत्तर मिळाले की त्याचे काम संपते. घरच्यांचे काम तिथून सुरू होते. बाबा गेल्यानंतर त्यांचे कागद घेऊन मी फोंडा-पणजी करत राहिले, तेव्हा हे दोन प्रश्न वेगळे आहेत हे कळायलाच बराच काळ गेला. एकदा कळल्यावर मात्र फॉर्मवरचे जड शब्द भराभर जागेवर बसू लागले.

आमचे घर गोव्यातल्या उसगावचे. बाबांचा ट्रक होता, खनिज वाहणारा. एके काळी आमच्या भागात ज्याचा ट्रक तो शेट. २०१२ साली खाणी बंद पडल्या आणि ज्याचा ट्रक तो कर्जदार झाला. बाबांनी कागद मात्र नीट ठेवले होते. विम्याच्या दोन पॉलिसी, तीन मुदतठेवींच्या पावत्या, दोन पासबुके, कर्ज फिटल्याचा दाखला आणि कोण्या मित्राच्या सांगण्यावरून नव्वदच्या दशकात घेतलेली कागदी शेअर सर्टिफिकेटे.

पहिली पॉलिसी १९७९ ची, आजीवन विम्याची. बाबांचे लग्न व्हायचे होते, म्हणून नॉमिनीच्या रकान्यात त्यांच्या आईचे नाव. आजी जाऊन कितीतरी वर्षे झाली. लग्न झाले, आम्ही दोघे झालो, पण तो रकाना कोणी बदलला नाही. आणि लग्न झाले म्हणून तो आपोआप बदलत नाही. विमा कार्यालयातल्या बाईंनी पॉलिसी उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाल्या, ‘‘नॉमिनी वारली ना? मग लीगल हेअर.’’ आणि एक कागद पुढे सरकवला.

मी गणित शिकवते, कायदा नाही. म्हणून फोंड्यातल्या एका वकिलांकडे गेलो. त्यांनी आईला समजेल असे सांगितले : नॉमिनी म्हणजे देवस्थानचा खजिनदार. पैसे त्याच्या हाती येतात, पावतीवर त्याची सही असते, पण म्हणून ते त्याचे होत नाहीत. आईला हे लगेच पटले. आमच्या देवस्थानच्या खजिनदारांवरून गावात काय काय झाले आहे ते तिला पाठ आहे.

हे नुसते वकिलांचे मत नव्हे. आयुर्विम्याचा नॉमिनी पैसे स्वीकारण्यापुरता असतो, ते जातात वारसांकडे, असे सर्वोच्च न्यायालयाने सरबती देवी खटल्यात १९८३ मध्येच सांगितले आहे. शेअरच्या नॉमिनीबद्दलही २०२३ च्या डिसेंबरात तोच निकाल आला. विम्यात मात्र २०१५ च्या दुरुस्तीने एक फरक पडला. नॉमिनी जर आई, वडील, जोडीदार किंवा मूल असेल तर तो लाभार्थी नॉमिनी, म्हणजे नुसता स्वीकारणारा नव्हे, हक्कदारही. मी लगेच विचारले, ‘‘म्हणजे आजी जिवंत असती तर सगळे तिचेच? मग आईच्या अर्ध्याचे काय?’’ वकील हसले. म्हणाले, ‘‘तो वाद आपल्यावर आला नाही हे बरं समजा.’’ मीही पुढे विचारले नाही.

आईचे अर्धे म्हणजे काय, हे गोव्याबाहेरच्या वाचकाला सांगायला हवे. हिंदूंच्या वारशाला देशभर १९५६ चा हिंदू वारसा कायदा लागतो. गोव्यात तो लागत नाही. इथे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी कायद्याची चौकट चालत आली आणि वारशापुरता तिच्या जागी आता गोव्याचा स्वतःचा २०१२ चा कायदा आहे, जो प्रत्यक्ष अमलात आला २०१६ च्या डिसेंबरात. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक. एक गेला की दुसऱ्याचा अर्धा बाजूला निघतो, आणि उरलेल्या अर्ध्याचाच वारसा होतो. तो अर्धा मुलांना सारखा, मुलगा-मुलगी भेद नाही. आमच्या घरी म्हणजे आईचा १/२, माझा १/४, भावाचा १/४. आणि माझे लग्नही याच कायद्याखाली झाले असल्याने माझ्या चौथ्या हिश्शात नवऱ्याचा अर्धा, म्हणजे १/८, तसेच भाऊ-वहिनीचे. अपूर्णांकांची इतकी जिवंत उदाहरणे आमच्या पाठ्यपुस्तकात नाहीत.

म्हणून विमा कार्यालयाने दिलेल्या ‘लीगल हेअर’च्या कागदावर वारसांची यादी करायला बसलो तेव्हा आईचे नाव कुठे घालायचे तेच कळेना. फॉर्म गोव्यासाठी छापलेला नव्हता. त्यात रकाने होते पत्नी, मुलगा, मुलगी, आणि सगळ्यांच्या डोक्यावर शब्द एकच, वारस.

गोव्यात यावरचा कागद म्हणजे डीड ऑफ सक्सेशन, वारसा दस्त. तो कोर्टात होत नाही. तालुक्याच्या सब-रजिस्ट्रारकडे होतो, तोच विशेष नोटरी असतो. आम्ही तो गणेश चवथीनंतर केला. पुण्याहून भाऊ आणि वहिनी तेव्हाच आली होती, आणि दोघांच्याही सह्या हव्या होत्या. त्या दिवसांत तिथे आमच्यासारखेच बरेच जण दिसले, बाहेरगावचे भाऊ चवथीला घरी आलेले आणि आता जाण्याआधी सह्यांना आणलेले. आमच्याकडून, दुसरा वारस नाही हे सांगायला, तिघे शेजारी आले होते. ते वारस नसावे लागतात आणि घराण्याला ओळखणारे असावे लागतात. दस्त इंग्रजीत वाचला गेला, मग कारकुनाने आईकडे वळून कोकणीत सांगितला. त्यातले एक वाक्य मला अजून तोंडपाठ आहे, कारण गोव्यातल्या वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींत ते मी लहानपणापासून न समजता वाचत आले होते : वरील व्यक्तींखेरीज, कायद्यानुसार त्यांच्यावर अग्रक्रम असणारी किंवा त्यांच्या बरोबरीने वाटेकरी होऊ शकणारी दुसरी कोणीही व्यक्ती नाही. आमच्याही दस्ताची जाहिरात मग तशीच छापून आली.

दस्तात आईच्या नावापुढे होते ‘विधवा आणि मोईटी होल्डर’. आईने विचारले, ‘‘म्हणजे मी वारस नव्हे?’’

कारकून म्हणाला, ‘‘नव्हे मावशी. तुम्ही मालकीण, अर्ध्याची. वारस ही दोघं.’’

आई काही बोलली नाही, पण घरी येताना गाडीत म्हणाली, ‘‘तो विम्यावाला मला मिळणार मिळणार म्हणत होता. माझं होतंच की.’’ बाबा ट्रक घेऊन बाहेर असत तेव्हा हिशेबाची वही तीच लिहीत असे, डिझेलपासून टायरपर्यंत. ते तिने सांगितले नाही, पण मला आठवले.

माझ्या नवऱ्याला सासऱ्याच्या वारसा दस्तावर सही करताना फार अवघडल्यासारखे झाले. ‘‘मला काय त्यातलं,’’ असे तो दोनदा म्हणाला. सब-रजिस्ट्रारांनी मान वर न करता ‘‘इथं सही करा’’ एवढेच म्हटले.

दस्त हाती आला म्हणजे काम झाले, असे आम्हाला वाटले होते. स्थानिक कार्यालयाने तो मुंबईला पाठवला आणि तिथून पत्र आले : सक्षम न्यायालयाचे सक्सेशन सर्टिफिकेट सादर करावे. वकिलांनी सांगितले, असे हमखास होते. गोव्याबाहेर, नॉमिनी नसला तर, वारसांसाठीचा न्यायालयाचा हा दाखला मागतात आणि तिकडच्या टेबलावर तोच शब्द माहीत असतो. आमचा नोंदणीकृत दस्त त्यांना साधे प्रतिज्ञापत्र वाटला. उत्तरात वकिलांनी २०१२ च्या कायद्याची राजपत्रातली प्रत जोडली आणि जोडीला सर्वोच्च न्यायालयाचा २०१९ चा एक निकाल. गोव्यात अधिवास असलेल्या माणसाची मालमत्ता देशात इतरत्र असली तरी तिच्या वारशाला गोव्याचाच कायदा लागतो, असे त्यात म्हटले आहे. गोव्यातल्या लोकांनी ही दोन कागदपत्रे मृत्यू दाखल्याच्या प्रतींबरोबरच काढून ठेवावीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्यावर कंपनीने सर्टिफिकेटाचा आग्रह सोडला आणि त्याऐवजी इंडेम्निटी बाँड मागितला. हा शब्द ऐकून भाऊ घाबरला, त्याला वाटले काहीतरी गहाण टाकायचे आहे. तसे काही नसते. उद्या कोणी आणखी वारस उभा राहिला आणि कंपनीला त्याला पैसे द्यावे लागले, तर ते आम्ही भरून देऊ, एवढी ती हमी. स्टँप पेपरवर, जामीनदारांच्या सह्यांसह. तिघा शेजाऱ्यांनी ‘दुसरा वारस नाही’ असे नोटरीपुढे सांगितले, ते वर्तमानपत्रात छापून आले, आणि तरी वर पुन्हा हमी. हे मला आजही पटत नाही. पण केले. शेवटी येतो डिस्चार्ज व्हाउचर. ‘पूर्ण व अंतिम रक्कम मिळाली’ असे त्यावर छापलेले असते, आणि एक रुपयाच्या महसुली तिकिटावर आडवी सही मागतात. सही पैसे मिळण्याआधी घेतात, म्हणून आधी आकडा तपासावा. शेवटचा कागद पोचल्यानंतर कंपनीनेच उशीर केला तर बँक दरापेक्षा दोन टक्के जास्त व्याज द्यायचे असते. आम्ही ते लेखी मागितले आणि मिळाले. नाही मिळाले तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे, महिन्याभरात उत्तर नाही तर विमा लोकपालाकडे जाता येते. तिथे फी नाही आणि वकीलही लागत नाही.

दुसरी पॉलिसी डिसेंबर २००२ ची, पंचवीस वर्षांची, विमा रक्कम २,५०,००० रुपये. ही बुडाली, असे घरात सगळे धरून चालले होते. बाबा स्वतःही तसेच म्हणायचे. डिसेंबर २०११ पर्यंतचे दहा हप्ते भरलेले, आणि २०१२ चा हप्ता यायच्या आत खाणी बंद. एका ओळखीच्या एजंटनेही ‘‘लॅप्स झाली, सोडून द्या’’ म्हणून सांगितले.

पण हप्ता चुकला म्हणून पॉलिसी लगेच मरत नाही. आधी ग्रेस पिरियड असतो, वार्षिक हप्त्याला तीस दिवस. तो गेला तरी ठरावीक वर्षांत थकबाकी आणि व्याज भरून ती पुन्हा चालू करता येते, त्याला रिव्हायव्हल म्हणतात. आणि त्या काळच्या अशा पॉलिसीत किमान तीन वर्षांचे हप्ते गेले असतील तर ती पूर्ण लॅप्स होत नाही, पेड-अप होते. विमा चालूच राहतो, फक्त लहान होतो. किती लहान, तर भरलेले हप्ते भागिले ठरलेले हप्ते, गुणिले विमा रक्कम. इथे १०/२५ × २,५०,००० म्हणजे १,००,००० रुपये. त्यावर पेड-अप होईपर्यंत जमलेला बोनस. हा बोनस दर हजारी विमा रकमेवर जाहीर होतो; समजा एका वर्षी हजारी ४० रुपये असेल तर अडीच लाखांवर त्या वर्षाचे १०,००० रुपये होतात. पण ते हातात पडत नाहीत, खात्यात जमत राहतात आणि मुदत संपल्यावर किंवा मृत्यूनंतर विमा रकमेबरोबर मिळतात. पॉलिसी पेड-अप झाल्यावर पुढचा बोनस थांबतो, मागचा जात नाही.

फाइलमध्ये २०१४ चे एक पत्रही निघाले. बाबांनी तेव्हा सरेंडर व्हॅल्यू विचारली असावी, म्हणजे आत्ताच मोडली तर काय मिळेल. उत्तरातला आकडा भरलेल्या हप्त्यांपेक्षा चांगलाच खाली होता. त्याखाली पेन्सिलीने बाबांच्या अक्षरात एकच शब्द : ‘नको’. ट्रकचे हप्ते थकलेले असताना त्यांनी तो लिहिला होता. आज हिशेब केला तर ते बरोबर होते.

याच पॉलिसीच्या पाठीवर जांभळ्या शाईचा एक फिकट शिक्का होता. मी तो आधी पोस्टाचा समजले. तो असाइनमेंटचा निघाला. ट्रकच्या कर्जासाठी बाबांनी पॉलिसी बँकेला लिहून दिली होती. नॉमिनी आणि असाइनी यांत हाच मोठा फरक : नॉमिनीला पैसे फक्त मिळतात, असाइनीला पॉलिसीच मिळते. २०१५ च्या दुरुस्तीआधी बँकेला पॉलिसी लिहून दिली की आधीचे नॉमिनेशन कायद्यानेच रद्द होत असे. त्यामुळे नॉमिनीच्या रकान्यात आईचे नाव ठळक असूनही कंपनीच्या दफ्तरी पैसे जाणार होते बँकेकडे. कर्ज फिटले होते आणि तसा दाखलाही होता. पण कर्ज फिटल्याचा दाखला वेगळा, आणि पॉलिसी परत लिहून देणे वेगळे. ते रीअसाइनमेंट झालेच नव्हते.

आणि ती बँक आता नाही. २०२० च्या विलीनीकरणात ती दुसऱ्या बँकेत गेली. शाखा तीच, पाटी नवी, मॅनेजर दुसऱ्या राज्यातून बदलून आलेले. जुने रजिस्टर कुठे आहे ते कोणालाच माहीत नव्हते. सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त वेळ इथे गेला, आणि त्याबद्दल सांगण्यासारखे काही नाही. बाकावर बसणे, ‘‘पुढच्या आठवड्यात या’’ ऐकणे, समोरच्या हॉटेलात पातळभाजी-पाव खाणे. एका जुन्या शिपायाला कर्जाचा नंबर आठवला नाही पण बाबांचा ट्रक आठवला, त्याने कपाट दाखवले आणि त्यात कागद मिळाला. पॉलिसीच्या पाठीवर दुसरा शिक्का बसला, निळा, अगदी स्पष्ट.

नावाचा घोळही सांगायला हवा, कारण तो गोव्यात घरोघरी आहे. बाबांचा जन्म १९५५ चा, दाखला पोर्तुगीज. त्यात आमचे आडनाव ‘नायक’ असले तरी शेवटी ‘के’ नाही, ‘क्यू-यू-ई’ आहे. पॉलिसीत ‘आय-के’, पॅन कार्डावर तेच, पण एका पासबुकात वडिलांचे नाव आडनावासारखे लागलेले. मुंबईच्या टेबलाला हे तीन वेगळे इसम वाटले. ‘वन अँड द सेम पर्सन’ असे प्रतिज्ञापत्र करून हे मिटते. एक मूळ प्रत पुरत नाही, प्रत्येकाला वेगळी हवी असते. एकाच वेळी चार-पाच करून घ्या.

ठेवींचे काम तुलनेने सरळ होते, पण तिथेच दोन प्रश्नांचे उत्तर सर्वांत स्वच्छ दिसले. तीन पावत्या. पहिलीवर ‘आयदर ऑर सर्व्हायवर’, म्हणजे दोघांपैकी कोणीही किंवा मागे राहील तो. मृत्यू दाखला दिला आणि आईचे काम झाले. दुसरीवर ‘फॉर्मर ऑर सर्व्हायवर’, म्हणजे पहिला असेपर्यंत तोच, नंतर दुसरा. बाबा असताना आईला ती मोडता आली नसती, आता आली. तिसरी एकट्या बाबांच्या नावावर, नॉमिनी भाऊ. ती रक्कम सरळ भावाच्या खात्यात गेली, आणि खिडकीवरच्या मुलाने त्याला ‘‘झालं सर, पैसे तुमचे’’ असे सांगितलेही. भावाने त्याच संध्याकाळी मोबाइलवरून अर्धी आईला आणि पाव मला पाठवली. मला फोन करून म्हणाला, ‘‘बघ, आलं का. तुझ्या अपूर्णांकांप्रमाणे.’’ सगळ्याच घरांत असे होत नाही हे मला ठाऊक आहे. होत नाही तिथे प्रकरण दिवाणी न्यायालयात इन्व्हेंटरीला जाते, आणि मग सगळ्या मालमत्तेची यादी करून हिस्से तिथे ठरतात.

यांतल्या दोन ठेवी एकाच बँकेच्या दोन शाखांत होत्या. एक बुडाली तर दुसरी राहील, असा बाबांचा विचार असणार. ठेव विमा तसा चालत नाही. डीआयसीजीसी या ठेव विमा महामंडळाचे संरक्षण ४ फेब्रुवारी २०२० पासून १ लाखावरून ५ लाख झाले आहे, पण ते एका बँकेत एका ठेवीदाराला, सगळ्या शाखा एकत्र धरून, मुद्दल आणि व्याज मिळून. गोव्यात हे माहीत नसलेला माणूस आता तसा विरळाच. म्हापसा अर्बन बँकेचा परवाना २०२० मध्ये आणि मडगाव अर्बनचा २०२१ मध्ये रद्द झाल्यावर लोकांनी हा आकडा पाठ केला. पण पतसंस्थेतल्या ठेवीला हे संरक्षण मुळीच नसते, हे मात्र अजून अनेकांना ठाऊक नाही. आमच्या गल्लीत मी विचारून पाहिले. पावटक्का व्याज जास्त मिळते, एवढेच उत्तर आले.

बाबांच्या एका पासबुकात दर वर्षी मे महिन्याच्या शेवटी २० रुपये कापलेले दिसत होते. आईला वाटले, हाही विमा, म्हणजे आणखी दोन लाख. तो प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा हप्ता होता आणि ती फक्त अपघाताची. बाबा आजाराने गेले. कोणत्याही कारणाने मृत्यू आला तरी पैसे देणारी योजना वेगळी, जीवन ज्योती. तिचा हप्ता वर्षाला ४३६ रुपये, आणि ती पन्नाशीच्या आत घ्यावी लागते, पंचावन्नला संपते. बाबा तिच्यात कधी बसलेच नसते. आईने पासबुक मिटले.

प्राप्तिकराचे थोडक्यात सांगते. आयकर कायद्यात गोव्यासाठी वेगळे कलम आहे, १९६१ च्या कायद्यातले ५ ए : नवरा-बायकोंपैकी एकाला पगाराखेरीज जे उत्पन्न येते ते दोघांत निम्मे-निम्मे दाखवायचे. पगार मात्र ज्याचा त्याचाच. त्यामुळे बाबांच्या ठेवींचे निम्मे व्याज वर्षानुवर्षे आईच्या विवरणपत्रात जात होते, आणि ते सगळे आमचे सीए गुपचूप करत होते. आईला तेव्हा कळले की ती कित्येक वर्षे रिटर्न भरते आहे. बाबांचे शेवटचे विवरणपत्र, मृत्यूच्या तारखेपर्यंतचे, वारस म्हणून पोर्टलवर नोंद करून आम्ही भरले. कापलेला टीडीएस त्यातूनच परत आला.

१ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेतल्या ठेवीला चारपर्यंत नॉमिनी ठेवता येतात. एकाच वेळी टक्केवारी ठरवून, किंवा क्रमाने, पहिला नसेल तर दुसरा. लॉकरला मात्र फक्त क्रमानेच. मी फॉर्म घरी आणला. आईने आम्हा दोघांची नावे सांगितली, पन्नास-पन्नास टक्के. मग विचारले, ‘‘जावई आणि सून घातली तर?’’ मी म्हटले, चार जागा आहेत, घाल. तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, ‘‘नको. त्यांचं तुमच्यातून येतंच.’’ वकिलाने इतक्या थोडक्यात सांगितले नव्हते.

शेअर अजून राहिले आहेत. त्यांच्या वारसा-नोंदणीला ट्रान्समिशन म्हणतात. विकत घेणे-देणे म्हणजे ट्रान्सफर, आणि कागदी शेअरांचे ते २०१९ च्या एप्रिलपासून बंदच आहे. ट्रान्समिशन चालते, पण शेअर डीमॅटमध्येच, म्हणजे इलेक्ट्रॉनिक खात्यातच, येणार. शिवाय बाबांनी लाभांशाचे चेक कधी वटवलेच नाहीत. सलग सात वर्षे असे झाले की लाभांशाबरोबर शेअरही सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीत जातात. बुडत नाहीत, पण मागून घ्यावे लागतात, वेगळ्या अर्जाने. शेअरांची नोंद ठेवणाऱ्या रजिस्ट्रारने आता आईच्या सहीवर तिच्या बँकेच्या मॅनेजरचे साक्षांकन मागितले आहे. मॅनेजर पुन्हा बदलले आहेत. नवे सोमवारी रुजू होणार, असे कळते.